मांडव्याचा शूल
व्यवहारनिर्णयातील अनुमान आणि हेतुपरीक्षा

महाभारताच्या आदिपर्वात मांडव्य ऋषींचे आख्यान आले आहे. हे ऋषी मौनव्रत धारण करून आपल्या आश्रमाच्या द्वाराशी ऊर्ध्वबाहू होऊन तप करीत उभे असत. एके दिवशी काही चोर राजपुरुषांच्या भयाने पळत त्या आश्रमात शिरले, चोरलेला ऐवज त्यांनी तेथे दडविला आणि स्वतःही लपून बसले. मागोमाग रक्षक आले. चोर कोणत्या वाटेने गेले, असे त्यांनी ऋषींस विचारले. ऋषी बरे वा वाईट काहीच बोलले नाहीत. रक्षकांनी आश्रम धुंडाळला, तेव्हा चोर सापडले आणि ऐवजही सापडला. मग साहजिकच ऋषींविषयी शंका आली. त्यांसही बांधून राजापुढे नेण्यात आले आणि राजाने चोरांबरोबर त्यांनाही शूलावर चढविण्याची आज्ञा दिली.

हे आख्यान विदुराच्या जन्मकथेची पूर्वपीठिका म्हणून पुष्कळांस परिचित आहे. धर्मशास्त्रकारांनी मात्र ते निराळ्याच कारणासाठी स्मरणात ठेवले. नारद आणि बृहस्पती या दोन्ही स्मृतिकारांनी व्यवहारनिर्णयाच्या, म्हणजे आजच्या भाषेत न्यायालयीन निवाड्याच्या प्रकरणात मांडव्याचे नाव घेतले आहे. कौटिल्यानेही अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणात ते घेतले आहे. अचोर हा विचाराच्या दोषाने चोर कसा ठरतो, याचे हे उदाहरण होय.

येथे एक गोष्ट बारकाईने पाहिली पाहिजे. रक्षक खोटे बोलले नव्हते. ऐवज खरोखरच आश्रमात होता, चोर खरोखरच तेथे होते आणि ऋषी खरोखरच निरुत्तर राहिले होते. राजाने कोणाचा द्वेष केला नव्हता. राजापुढे आलेली प्रत्येक वस्तुस्थिती सत्य होती. तरीही निर्णय असत्य झाला. सत्य सामग्रीतून असत्य निर्णय निघाला असेल तर दोष साक्षीत नसून अनुमानात असला पाहिजे. तो नेमका कोठे होता आणि तो टाळण्यासाठी शास्त्राने व आजच्या न्यायालयांनी कोणती सावधगिरी सांगितली आहे, एवढाच विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. व्यवहाराचे चार पाद आणि युक्ती

याज्ञवल्क्यस्मृतीत व्यवहार चतुष्पाद म्हटला आहे. वादीचे म्हणणे ही भाषा, प्रतिवादीचे उत्तर, मग प्रमाणे पुढे मांडणे ही क्रिया आणि शेवटी साध्याची सिद्धी, असे हे चार पाद. प्रमाणे तीन : लिखित, भुक्ती म्हणजे उपभोग किंवा वहिवाट, आणि साक्षी. या तिहींचा अभाव असेल तर दिव्य. आज दिव्य उरले नाही; पण पहिली तीन आजही कोणत्याही दिवाणी दाव्यात जशीच्या तशी भेटतात.

परंतु केवळ प्रमाणे गोळा झाली म्हणजे निर्णय होत नाही. बृहस्पतीचे मत असे की केवळ शास्त्राच्या अक्षरांवर विसंबून निर्णय करू नये, कारण युक्तिहीन विचाराने धर्माचीच हानी होते. नारद तर प्रत्यक्षाविषयीही सावध करतो. आकाश सपाट तळासारखे दिसते, पण त्याला तळ नाही. काजवा अग्नीसारखा दिसतो, पण त्यात अग्नी नाही. म्हणून डोळ्यांनी पाहिलेल्याचीही परीक्षा करावी.

साक्षी नसताना चिन्हांवरून निर्णय करण्याचे प्रसंगही नारदाने सांगितले आहेत. आग लागली त्या जागी जळते कोलीत हाती असलेला मनुष्य, वध झाला तेथे शस्त्र हाती असलेला, बांध फुटला त्याजवळ कुदळ घेऊन असलेला, झाडे तुटली तेथे कुऱ्हाड घेऊन असलेला, हे सर्व त्या त्या कृत्याचे कर्ते समजावेत, असे तो म्हणतो. पण याच विषयाच्या ओघात तो आणखी एक सूचना देतो आणि आपल्या दृष्टीने तीच महत्त्वाची आहे. कोणी द्वेषाने स्वतःच्याच अंगावर जखम करून घेईल आणि शत्रूवर आळ घेईल. म्हणून हेतू, प्रयोजन आणि सामर्थ्य पाहून चिन्हाची परीक्षा करणे युक्त होय. चिन्ह बोलते खरे, पण ते खोटेही बोलू शकते.

२. रक्षकांचे अनुमान

आता रक्षकांच्या मनातील विचार न्यायशास्त्राच्या पंचावयव वाक्यात मांडून पाहू. प्रतिज्ञा : हा पुरुष चोर आहे. हेतू : कारण चोरीचा ऐवज याच्या आश्रमात सापडला. उदाहरण : ज्याच्या घरी चोरीचा ऐवज सापडतो तो चोर असतो, जसा पूर्वी पकडलेला अमुक. उपनय : याच्याही आश्रमात तसाच ऐवज आहे. निगमन : म्हणून हा चोर आहे.

वाक्याचे पाचही अवयव जागच्या जागी आहेत, त्यामुळे ते ऐकताना निर्दोष वाटते. दृष्टांतपाठाच्या वाचकांस दृष्टांत आणि दार्ष्टांतिक हा भेद नवा नाही. दृष्टांत कितीही चांगला असला तरी दार्ष्टांतिकाशी त्याचा मेळ ज्या अंशाने आहे तो अंश ओळखल्याशिवाय अर्थ लागत नाही. येथे दृष्टांतातील पुरुष चोर होता. पण तो चोर का होता? ऐवज त्याच्या घरी होता म्हणून, की त्याने तो जाणूनबुजून हरण केला होता म्हणून?

न्यायशास्त्रात याला उपाधी म्हणतात. धूर आहे तेथे अग्नी आहे, ही व्याप्ती खरी. पण ती उलटी करून अग्नी आहे तेथे धूर आहे, असे म्हटले तर तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यापाशी फसगत होते. कारण त्यात अग्नी आहे, धूर नाही. अग्नीपासून धूर निघण्यास ओल्या सरपणाचा संयोग लागतो. तो ओल्या सरपणाचा संयोग ही उपाधी. तसेच चोरीच्या ऐवजाचे आहे. चोराच्या घरी ऐवज सापडतो, हे खरे असले तरी ऐवज सापडला तो चोर, हे खरे नाही. मध्ये 'जाणीवपूर्वक घेतलेला ताबा' ही उपाधी आहे. जेथे चौर्य आहे तेथे ती असतेच. पण जेथे ऐवज सापडला तेथे ती असेलच असे नाही. ऐवज विकत घेणाऱ्याकडे, ठेव म्हणून ठेवणाऱ्याकडे आणि ज्याच्या अंगणात कोणी तो टाकून गेले त्याच्याकडेही सापडतो. जो हेतू सपक्षातही राहतो आणि विपक्षातही राहतो त्यास अनैकांतिक किंवा सव्यभिचार म्हणतात. अक्षपाद गौतमाने सांगितलेल्या पाच हेत्वाभासांतील हा पहिला. मांडव्य शूलावर गेले ते या हेत्वाभासामुळे.

आधुनिक कायद्यालाही हेच कोडे सोडवावे लागले. जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी रचलेल्या १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमात कलम ११४ खाली एक दृष्टांत दिला होता. चोरीनंतर लवकरच चोरीचा माल ज्याच्या ताब्यात आढळतो तो एक तर चोर असतो किंवा माल चोरीचा आहे हे जाणून त्याने तो घेतलेला असतो, असे न्यायालयाला गृहीत धरता येईल. मात्र त्याला आपल्या ताब्याचा उलगडा करता आला तर गोष्ट निराळी. येथे 'गृहीत धरता येईल' म्हटले आहे. 'धरलेच पाहिजे' असे नव्हे. शिवाय त्याच कलमाने प्रतिदृष्टांतही जोडला होता. चोरीला गेलेला खुणेचा रुपया दुकानदाराच्या गल्ल्यात सापडला आणि तो कोठून आला हे त्याला सांगता आले नाही, तर त्याच्या धंद्यात रुपये सतत येतच असतात, हे न्यायालयाने ध्यानात घ्यावे. दुकानदाराचा गल्ला आणि मांडव्याचा आश्रम यांत तर्काच्या दृष्टीने अंतर नाही. दोन्ही ठिकाणी वस्तू मालकाच्या नकळत येऊ शकते. त्या अधिनियमाच्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ लागू झाला असून हे गृहीतक आता त्याच्या कलम ११९ मध्ये आहे.

३. परिस्थितिजन्य पुराव्याचे पंचशील

ज्या खटल्यात घटना पाहणारा कोणी नसतो तेथे सर्व भार परिस्थितिजन्य पुराव्यावर, म्हणजे अनुमानावर पडतो. अशा अनुमानाची कसोटी सर्वोच्च न्यायालयाने १९५२ साली हनुमंत विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या खटल्यात सांगितली. त्या काळी नागपूर ही त्या राज्याची राजधानी होती. न्यायमूर्ती मेहरचंद महाजन यांनी त्या निर्णयात इंग्लंडमधील १८३८ च्या एका खटल्यातील बॅरन ऑल्डरसन यांच्या इशाऱ्याचे स्मरण करून दिले. त्याचा आशय असा : मनुष्याच्या मनाला सुट्या गोष्टी एकमेकींशी जुळवण्यात एक प्रकारचा आनंद वाटतो, त्या जुळत नसल्या तर मन त्यांना थोडे ताणते, आणि मन जितके कुशाग्र तितका, एखादा हरवलेला दुवा स्वतःच्या कल्पनेने पुरवून आपलीच फसवणूक करून घेण्याचा त्याचा धोका अधिक. शास्त्राभ्यासी वाचकांनी हा इशारा स्वतःसाठीही टिपून ठेवावा. मंदबुद्धीचा मनुष्य अनुमान करीतच नाही. चुकीचे अनुमान सुंदर करून मांडण्याचे काम बुद्धिमानच करतो.

यानंतर १७ जुलै १९८४ रोजी सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्याचा निर्णय झाला. पुणे येथे जून १९८२ मध्ये एका नवविवाहितेचा विषाने मृत्यू झाला होता. सत्र न्यायालयाने पतीस देहांताची शिक्षा दिली, मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली. सर्वोच्च न्यायालयाने त्यास मुक्त केले. न्यायमूर्ती फझल अली यांनी या निर्णयात पाच तत्त्वे मांडली आणि त्यांना 'पंचशील' हेच नाव दिले. ती पाच तत्त्वे आपल्या शास्त्राच्या परिभाषेशेजारी ठेवून पाहणे उद्बोधक ठरेल.

पहिले तत्त्व : ज्या परिस्थितीवरून अनुमान करावयाचे ती परिस्थिती स्वतः पूर्णपणे सिद्ध झालेली असावी. धूर दिसल्यासारखा वाटला, एवढ्यावर अग्नीचे अनुमान करता येत नाही. ते धुके असेल. हेतूच असिद्ध असेल तर पुढचा सर्व विचार वाळूवर उभा राहतो. नैयायिक यास असिद्ध हेत्वाभास म्हणतात.

दुसरे तत्त्व : सिद्ध झालेल्या गोष्टी आरोपीच्या अपराधाशीच जुळाव्यात, अन्य कशाशी जुळू नयेत. हीच विपक्षव्यावृत्ती. हेतू जेथे साध्य नाही तेथे कदापि आढळू नये.

तिसरे तत्त्व : परिस्थिती निर्णायक स्वरूपाची असावी. हेतू आणि साध्य यांचा संबंध नियत असावा. पुष्कळदा एकत्र आढळतात, एवढे पुरेसे नाही.

चौथे तत्त्व : सिद्ध करावयाच्या कल्पनेवाचून दुसरी प्रत्येक संभाव्य कल्पना वगळली गेली पाहिजे. वात्स्यायनाने शेषवत् अनुमानाचा अर्थ 'परिशेष' असा केला आहे. जे जे शक्य ते ते प्रसक्त करून एकेकाचा निषेध करीत गेल्यावर जे उरते ते. पण परिशेषाची सर्व भिस्त पहिल्या यादीवर असते. यादीत एक पर्याय घालावयाचा राहिला तर उरलेला पर्याय हा सत्य नसून केवळ उरलेला असतो. वरील खटल्यात नेमके हेच घडले होते. मृत स्त्रीच्या पत्रांवरून तिच्या मनाची खिन्नता दिसत होती. आत्मघाताचा पर्याय वगळला गेला नव्हता. आणि विष आरोपीपाशी होते, हेही सिद्ध झाले नव्हते.

पाचवे तत्त्व : पुराव्याची साखळी इतकी पूर्ण असावी की आरोपी निर्दोष असल्याचा निष्कर्ष काढण्यास वाजवी आधार उरू नये आणि मानवी संभाव्यतेच्या मर्यादेत ते कृत्य त्यानेच केले असले पाहिजे असे दिसावे. मीमांसकांची अर्थापत्ती अशीच. धष्टपुष्ट देवदत्त दिवसा जेवत नाही, तर तो रात्री जेवत असला पाहिजे. कारण त्यावाचून पुष्टतेची उपपत्ती लागत नाही. 'अन्यथा उपपत्ती लागत नाही' हे चार शब्द खरे असतील तरच अर्थापत्ती टिकते.

येथे एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. हे साम्य पाहून आजच्या न्यायालयांनी ही तत्त्वे न्यायसूत्रांतून घेतली, असे म्हणणे हा स्वतःच एक हेत्वाभास होईल. इंग्लंडातील न्यायाधीश आपल्या अनुभवाने तेथे पोचले. शिवाय भेदही आहे. नैयायिकाची व्याप्ती सार्वत्रिक नियमाची असते. न्यायालय मानवी संभाव्यतेवर थांबते, कारण त्याला पर्वतावरील अग्नीचा नव्हे तर मनुष्याच्या कृत्याचा निर्णय करावयाचा असतो. दोघांची भेट होते ती एका भयाच्या ठिकाणी. आपण जुळवलेली गोष्ट खरी नसेल तर काय, हे ते भय.

४. मौन आणि कबुली

मांडव्याच्या आख्यानाचा दुसरा अर्धा भाग त्यांच्या मौनात आहे. रक्षकांनी ते मौन हेतू म्हणून घेतले : निर्दोष असता तर बोलला असता. हाही अनैकांतिकच होय. मनुष्य अपराधाने गप्प बसतो तसा व्रताने, भयाने, लज्जेने, शोकाने आणि दुसऱ्याला वाचविण्यासाठीही गप्प बसतो.

मग बोलणे तरी विश्वसनीय असते काय? कौटिल्याने मांडव्याचे वृत्त निराळे दिले आहे. चोरांच्या वाटेवर अकस्मात आढळल्यामुळे, चोरांसारखा वेष, शस्त्र वा माल असल्यामुळे किंवा चोरीच्या मालाजवळ असल्यामुळे अचोरही धरला जातो, असे सांगून तो म्हणतो की मांडव्याने यातनांच्या भीतीने, चोर नसता, 'मी चोर आहे' असे सांगितले. म्हणून प्रमाणांची परिपूर्णता झाल्यावाचून दंड करू नये. त्याच अध्यायात यातना देऊन चौकशी करण्याचे प्रकारही सांगितलेले आहेत. यातनांचे विधान करणाऱ्या ग्रंथकाराच्याच लेखणीतून यातनांनी निघालेल्या कबुलीचा अविश्वास उमटावा, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. एका परंपरेत मांडव्य बोलले नाहीत म्हणून शूलावर गेले, तर दुसरीत बोलले म्हणून धरले गेले. दोन्ही वृत्ते मिळून एकच पाठ देतात : आरोपीचे तोंड हे प्रमाणाची उणीव भरून काढण्याचे साधन नव्हे.

भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद २० (३) ने कोणाही आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्षी होण्याची सक्ती करण्यास मनाई केली आहे. पोलीस अधिकाऱ्यापुढील कबुली आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नाही, हा १८७२ च्या अधिनियमातील कलम २५ चा नियम नव्या अधिनियमाच्या कलम २३ मध्ये कायम आहे. आणि वर उल्लेखिलेल्या १९८४ च्या निर्णयानेही हे स्पष्ट केले की आरोपीचा बचाव खोटा ठरला तरी तो साखळीतील तुटलेल्या दुव्याची जागा घेऊ शकत नाही. साखळी आधीच पूर्ण असेल तर तो एक अधिक दुवा होतो, एवढेच.

५. पूर्वपक्ष आणि त्याचे समाधान

येथे पूर्वपक्षी म्हणेल : इतक्या अटी घातल्या तर अपराधी सुटतील. चोर काही साक्षीदार बोलावून चोरी करीत नाही. घराच्या चार भिंतींआड ज्याचा वध झाला त्याला बोलता येत नाही. मृताचेही एक मौन असते. त्या मौनाची दाद कोणी घ्यावयाची?

हा पूर्वपक्ष दुर्बळ नाही आणि त्याला झटकून टाकणे योग्य नव्हे. १९७३ साली महाराष्ट्रातील एका खटल्याचा निर्णय देताना न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी 'असू शकेल' आणि 'असलेच पाहिजे' यांतील अंतर फार दूरचे आहे, असे सांगितले; पण त्याच निर्णयात त्यांनी संशयाचा लाभ देण्याचा अतिरेक करू नये, अपराध्याची सुटका हेही समाजाचे अहित आहे, असेही बजावले. २००६ साली महाराष्ट्रातीलच आणखी एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की घराच्या एकांतात घडलेल्या अपराधाविषयी त्या घरात असणाऱ्यांवर काही उलगडा करण्याची जबाबदारी येते. मात्र प्रारंभीचा भार फिर्यादी पक्षावरून उतरत नाही.

तर मग संशय किती करावा? याचे उत्तम उत्तर उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत चार्वाकाला दिले आहे. प्रत्येक अनुमानात व्यभिचाराची शंका घेता येते, असा चार्वाकाचा आक्षेप होता. आचार्य म्हणतात, शंकेला व्याघाताची मर्यादा आहे. अग्नीवाचून धूर असेल अशी खरीच शंका असणारा मनुष्य धुरासाठी अग्नी पेटवावयास जाणार नाही. स्वतःच्या वर्तनाशीच जी विसंगत होते ती शंका सोडून द्यावी. न्यायालयातील 'वाजवी संशय' हाही असाच मर्यादित आहे. ज्या पर्यायावर कोणी समंजस मनुष्य आपल्या व्यवहारात विसंबणार नाही तो कल्पनेचा खेळ होय. त्याने अपराधी सुटू नये. परंतु ज्या पर्यायाला प्रकरणातील एखाद्या वस्तुस्थितीचा आधार आहे तो परिहृत झाल्यावाचून दंड होऊ नये. मांडव्याच्या बाबतीत असा आधार डोळ्यांपुढे होता. चोर स्वतःच आश्रमात लपलेले सापडले होते. ऐवज त्यांनीच आणला, हा पर्याय शोधावयासही जावयाचे नव्हते. तो फक्त विचारात घ्यावयाचा होता.

६. उपसंहार

हा विचार केवळ न्यायाधीश व वकील यांच्या उपयोगाचा आहे, असे कोणी समजू नये. घरातील वस्तू नाहीशी झाली, आश्रमातील पोथी जागेवर नाही, हिशेबात दहा रुपये कमी आले, की आपणही क्षणभर राजाच्या आसनावर बसतो. तेथे ना वकील असतो ना अपील. जो गरीब, जो नवा, जो कमी बोलणारा, त्याच्याकडे बोट आपोआप वळते. अशा वेळी चार प्रश्न स्वतःस विचारावेत. ज्यावरून मी अनुमान करतो ते मला निश्चित ठाऊक आहे काय? हेच चिन्ह निर्दोष मनुष्यापाशी आढळले असते काय? मी कोणता पर्याय विचारात घ्यावयाचा राहिलो? आणि साखळीतील एखादा दुवा मी स्वतःच तर घडविला नाही ना?

आख्यानाचा शेवट सर्वांस ठाऊक आहे. शूलावरही मांडव्य जिवंत राहिले. राजाला आपली चूक कळली. त्याने पायांशी येऊन क्षमा मागितली आणि शूल उपटून काढण्याचा यत्न केला. तो निघेना, तेव्हा मुळापाशी तोडावा लागला. टोक शरीरातच राहिले आणि म्हणून त्या ऋषींना अणीमांडव्य हे नाव पडले. राजाचा पश्चात्ताप खरा होता, ऋषींची क्षमाही खरी होती. तरी अणी निघाली नाही. चुकीच्या अनुमानाचा दंड परत घेता येतो, असे म्हणणाऱ्याने त्या नावाचा अर्थ आठवावा.